देवाचा टाक की वीराचा

न्यूए नावाचा देश नकाशात शोधायचा तर भिंग घ्यावं लागतं. दक्षिण प्रशांत महासागरातलं एक बेट, वस्ती दोन हजारांच्या आत. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या आजूबाजूच्या चार सोसायट्यांत मिळून याहून जास्त माणसं राहत असतील. या देशाच्या नावाने चांदीचं एक नाणं निघतं. एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदी. दर्शनी किंमत २ डॉलर. एका अंगाला इंग्लंडच्या दिवंगत राणीचा, दुसऱ्या एलिझाबेथचा मुखवटा आणि दुसऱ्या अंगाला वल्ह्यासारखे पाय पसरून पोहणारं हॉक्सबिल जातीचं समुद्री कासव. ते पाडलं जातं न्यूझीलंडमध्ये, विकलं जातं जगभर, आणि ज्या बेटाच्या नावाने ते निघतं तिथल्या वाण्याच्या गल्ल्यात ते कधी पडत नाही. माझ्या भाच्याने ऑकलंडहून येताना हे नाणं त्याच्या मामांसाठी, म्हणजे आमच्या ह्यांच्यासाठी आणलं.

ह्यांना समुद्री जिवांच्या नाण्यांचा नाद आहे. अमळनेरकडचा माणूस, लहानपणी पाणी पाहिलं ते तापीचं आणि पांझरेचं, मुडावदच्या संगमावरचं. पोटासाठी सुरतेला आले, उधन्याच्या लूम्सच्या खात्यात आयुष्य गेलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो डुमसला. तिथून हा नाद लागला असावा. मालदीवच्या हॉटेलात काम करणाऱ्या ओळखीच्या एका पोराने त्यांना तिथली चिल्लर आणून दिली आहे: ५ लारीवर बोनिटो मासे, ५० लारीवर लॉगरहेड कासव, २ रुफियावर ट्रायटन शंख. फिलिपिन्सचं १० सेंटिमोचं नाणं आहे, १९८३ पासून निघालेलं. त्यावर जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा मासा आहे. तो जगातला सगळ्यात लहान मासा, असं तेव्हा मानत. आपल्या सरकारने १९८६ साली मत्स्योद्योगावर काढलेली पन्नास पैशांची नाणीही डब्यात आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे पन्नास पैसे आजही चलन आहे, दहा रुपयांपर्यंतचं देणं त्यात देता येतं. डिंडोलीतला एकही दुकानदार ते घेणार नाही, ही गोष्ट वेगळी.

तर हे चांदीचं कासव बघायला शेजारच्या वहिनी आल्या. त्या घरी धागा कटिंगचं काम करतात, साड्यांचा ढीग तसाच ओट्यावर ठेवून आल्या होत्या. नाणं हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि मला म्हणाल्या, "बाई, हाई कासव देवघरमा ठेवाले चाली का?"

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, म्हणून गल्लीतले असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी शास्त्री नाही. पण हा प्रश्न मला साधा वाटला नाही. वहिनींना ते नाणं दिसलं नव्हतं, कूर्म दिसला होता. देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीत जो कासव असतो, ज्याला नमस्कार करून मग आपण गाभाऱ्याकडे बघतो, तो. प्राण्याचं चित्र पूजनीय केव्हा होतं? आणि जो जीव समुद्रात खरोखर पोहतो आहे, त्याच्यापर्यंत आपली पूजा कुठल्या वाटेने पोचते, पोचते का?

तसं पाहिलं तर आमच्या खानदेशी देवघरांत समुद्र कधीचा येऊन बसला आहे. समुद्रापासून इतक्या लांबची माणसं आम्ही, पण पूजेत शंख आहे. काही घरांत शाळिग्राम आहे. शाळिग्राम म्हणजे गंडकीच्या पात्रात सापडणारा अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे समुद्र होता आणि आज हिमालय आहे तिथल्या एका जलचराचा दगड झालेला देह. त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, तो स्वयंभूच मानतात. द्वारकेहून आणलेलं गोमती चक्र हे समुद्री गोगलगायीच्या तोंडावरचं झाकण. जोगवा मागणाऱ्या आराधिणीच्या गळ्यातली कवड्यांची माळ, मंगळासाठी बोटात घातलेलं पोवळं, चंद्रासाठी घातलेला मोती हे सगळे समुद्री जिवांचेच अवशेष. कवडी तर देवीची माळही होती आणि चलनही. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून बंगालात जात आणि बाजारात मोजून घेतल्या जात. आमच्या सुरतेकडे सतराव्या शतकात चिल्लर म्हणून इराणातले कडू बदाम चालत, असं ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने नोंदवून ठेवलं आहे. देव आणि पैसा ही दोन खाती आपण आज वेगळी धरतो. कवडीच्या काळात ती एवढी वेगळी नव्हती.

शंख, शाळिग्राम, कवडी हे देह आहेत. नाण्यावर असतं ते धातूत उठवलेलं रूप. मग मला आठवण झाली टाकाची.

मराठी देवघरात टाक असतात हे बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. चांदीचा लहानसा पातळ पत्रा, त्यावर खंडोबा, देवी, भैरोबा ठोकून उठवलेले. सोनाराकडून घडवून घ्यायचे, जेजुरीला भेटीला न्यायचे, रोज न्हाऊ घालायचे, सणाला नैवेद्य दाखवायचा. पण टाक फक्त देवांचे नसतात. घरातला कुणी अवेळी गेला, लग्नाआधी गेला, लढाईत किंवा अपघातात गेला, तर त्याचाही टाक करतात. तो वीर. आमच्या देवघरात सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा टाक आहे. विशीत गेला तो. धुळवडीला त्याला पाटावर घेऊन न्हाऊ घालतात आणि त्याच्या नावाने नैवेद्य निघतो. त्याला पाहिलेलं आता कुणी उरलं नाही, तरी कुणी त्याला विसरू शकत नाही, कारण टाक घरात आहे आणि टाकाचं करावं लागतं.

हॉक्सबिलचं हे नाणं पाहताना मला नेमका हाच पेच पडला. चांदीत उठवलेलं एका जिवाचं रूप, घरात आणून ठेवलेलं. देवाचा टाक म्हणावं, तर त्याची रोजची सेवा कोण करतंय? वीराचा म्हणावं, तर तो जीव अजून गेलेला नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हॉक्सबिल नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या वर्गात आहे. जायच्या आधीच टाक तयार.

नाण्यावर समुद्री जीव येणं नवीन नाही. ग्रीसमध्ये एजायना बेटाचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाणं प्रसिद्ध आहे. त्याच्यावर समुद्री कासव होतं, आणि ते त्या बेटाच्या व्यापाराचं, समुद्रावरच्या सत्तेचं चिन्ह होतं. पुढे अथेन्सने एजायनाचं आरमार मोडलं, आणि नंतरच्या नाण्यांवर समुद्री कासवाच्या जागी जमिनीवरचं कासव आलं. आमच्या गुजरातेतच, अहमदाबादच्या टांकसाळीत, १६१८ साली जहांगीराने राशींच्या चित्रांचे रुपये पाडले. त्यांत कर्केचा खेकडा आहे. त्या वेळी तो स्वतः अहमदाबादेत होता. पण तो खेकडा आकाशातला होता, खंबातच्या आखाताच्या चिखलातला नव्हता. जुन्या नाण्यावरचा प्राणी असा राजाची, नगराची किंवा नक्षत्राची चाकरी करत असे. त्या प्राण्याचं स्वतःचं काय होतंय, हा प्रश्न नाणं पाडणाऱ्याला पडलाच नव्हता.

तो विसाव्या शतकात पडला. कोस्टा रिकाने १९७४ साली चांदीच्या नाण्यांवर हिरवं समुद्री कासव आणि मॅनेटी, म्हणजे समुद्रगाय, आणली ती संवर्धनासाठी म्हणून. पलाऊ या बेटाने १९९२ पासून सागरी जीवन वाचवण्याच्या नावाने रंगीत नाणी काढली. हे जीव नाण्यावर आले ते त्यांची सत्ता होती म्हणून नाही. ते जाताहेत म्हणून आले. राजाच्या जागी मरणपंथाला लागलेला प्राणी बसवणं ही माणसाच्या मनात झालेली मोठी उलथापालथ आहे. तिची थोरवी मी मानते. आपल्याकडे १९६४ साली पहिलं स्मारक नाणं निघालं ते पंडित नेहरू गेल्यावर. माणसाच्या बाबतीत स्मारकासाठी मरणाची वाट पाहिली जाते. या प्राण्यांच्या बाबतीत ती पाहिली गेली नाही, यात एक घाई आहे, आणि त्या घाईत मला खरी माया दिसते.

माया दिसते, आणि धोकाही. हॉक्सबिल या दशेला कशाने आलं? त्याच्या पाठीवरच्या पिवळ्या-तपकिरी खवल्यांच्या फण्या, पेट्या, चष्म्यांच्या कडा होत. सुंदर वस्तू, हौशी माणसाने जपून ठेवाव्यात अशा. म्हणजे संग्रहाच्या हौसेनेच ते मेलं. सत्तरच्या दशकात आंतरराष्ट्रीय करारान्वये त्या व्यापारावर बंदी आली. आता तेच कासव पुन्हा एका सुंदर, हौशी माणसाने जपून ठेवावी अशा वस्तूवर आलं आहे. फरक एवढाच की या वेळी त्याचे खवले सोलावे लागत नाहीत. तो फरक लहान नाही, हे मला कबूल. पण बघणाऱ्याची नजर बदलली आहे का? मालदीवच्या नाण्यावरचा ट्रायटन शंख आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. त्यातली गोगलगाय प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाला खाते, म्हणून प्रवाळाचं रान टिकायला तिची मदत होते. शोभेच्या शंखाच्या हौसेने तिचं रान ओस पडलं.

दुर्मीळपणाला आपण पावित्र्य समजतो, हा आपला जुना दोष आहे. उजव्या वळणाचा शंख लाखात एखादा निघतो, म्हणून दक्षिणावर्ती शंखाला लक्ष्मी चिकटवली आणि नकली शंखांचा बाजार उभा राहिला. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या साध्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा अफवांनी आमच्याकडची कष्टाची माणसंसुद्धा फसली. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचं नाव सांगून लुबाडलं जातंय, सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जाहीर करावं लागलं. नाणं जितकं कमी पाडलेलं तितकी किंमत जास्त. याच हिशेबाने पाहणाऱ्याला प्राणी कमी झालेला सोसतो. तो तसं म्हणणार नाही, त्याच्या मनातही ते नसेल, पण बाजाराचं मन त्याच्या मनापेक्षा वेगळं चालतं. पतंजलीने यमांमध्ये अपरिग्रह घातला आणि आमच्या सुरतेतल्या जैनांच्या व्रतांतही तो आहे. साठवणीत नजरेची एक सवय तयार होते, आणि ती वस्तू सोडून माणसांवर, जिवांवर, देवावर पडायला वेळ लागत नाही, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

हे मी ह्यांना बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, लूमवर उभं राहून मला समुद्रातला कोणता जीव दिसणार होता? ही नाणी हाती आली म्हणून हॉक्सबिल हे नाव तरी कळलं. बघितल्याशिवाय माया कशी लागेल?"

त्यांच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. बघितल्याशिवाय माया लागत नाही, हे खरंच. आपली सगळी भक्ती दर्शनावर उभी आहे. पण दर्शनात दोन्हीकडून बघणं असतं. आपण विठ्ठलाकडे बघतो आणि तो आपल्याकडे बघतो, म्हणून वारीला जायचं. वारकरी संतांना कासवीचा दृष्टान्त फार आवडतो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, लांबून नुसती पाहते आणि त्या नजरेवर पिलं वाढतात, अशी ती समजूत. ही कूर्मदृष्टी. देव भक्ताला तसा पोसतो.

समुद्री कासवीचं खरं वागणं याच्या अगदी उलट आहे. ती रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरच्या घरात अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुन्हा मागे फिरून पाहत नाही. पिलं बाहेर येतात तेव्हा त्यांच्याकडे पाहणारी कुठलीच नजर नसते. कोल्हे, कुत्री, खेकडे, पक्षी सगळे असतात. निसर्गशास्त्राने हे सांगितलं म्हणजे संतांचा दृष्टान्त खोटा पडला, असं माझ्या ओळखीची काही शिकलेली माणसं म्हणतात. मला तसं वाटत नाही. पिलांना पोसणारी नजर हवी, हे संतांचं म्हणणं खरंच आहे. ती नजर आईची नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती दिली. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधायची, अंडी जपून कुंपणात पुरायची, टोपल्या घालायच्या, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचं आणि बाहेर आलेली पिलं पाण्याच्या दिशेने सोडायची. पूर्वी त्याच किनाऱ्यावर ही अंडी खाल्ली जात. एका गावाने आपली नजर बदलली. कूर्मदृष्टी मी याला म्हणते.

तेव्हा प्रश्न असा उरतो: नाण्यावरच्या कासवाकडे आपण बघतो ती नजर पोसणारी आहे की साठवणारी?

गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूतींची यादी आहे. भगवान सांगतात, जलचरांत मी वरुण, मत्स्यांत मकर. प्रत्येक जातीतलं एक श्रेष्ठ रूप निवडलेलं. टांकसाळीही तेच करतात. कासव, देवमासा, डॉल्फिन, समुद्रघोडा, म्हणजे जे देखणे ते नाण्यावर. आमच्या दक्षिण गुजरातच्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारा मासा असतो, इथे त्याला लेवटा म्हणतात, कोकणात निवटी. डोळे वर आलेले, चिखलाच्या रंगाचा. त्याचं नाणं काढायचं कुणाच्या मनात येणार नाही. पण त्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात भगवान ही यादीच बाजूला ठेवतात. इतकं सगळं जाणून तुला काय करायचंय, हे सगळं जग मी एका अंशाने धरून आहे, अशा अर्थाचं काही सांगतात आणि अर्जुनापुढची वही मिटवतात. यादी होती ती नजर तयार होण्यासाठी. एकदा ती तयार झाली की लेवट्यातही तोच दिसायला हवा. संग्रह करणाऱ्याला हा शेवटचा श्लोक फार जड जातो, कारण त्याची वही कधीच पुरी होत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ती सांगते. ती आमच्या गुजरातचीच आहे आणि तिच्यात नाणं नाही.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ-पोरबंदरकडे, व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा. अंगावर ठिपके, स्वभावाने गरीब, खातो ते पाण्यातलं बारीक प्लवंग. त्याच्या काळजाच्या तेलाने लाकडी होड्या राखत, म्हणून त्याला मारायचे. पुढे मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि कत्तल वाढली. मारलेला मासा बुडू नये म्हणून पिंप बांधत, त्यावरून त्याचं नावच बॅरल पडलं. माइक पांडे यांनी त्याच्यावर माहितीपट काढला, २००१ साली सरकारने त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं. असं कायद्याचं संरक्षण मिळालेला आपल्याकडचा तो पहिला मासा. पण कायदा समुद्रात किती लांब जाणार? २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वनखातं यांनी मोहीम काढली आणि मोरारीबापूंना बरोबर घेतलं. बापू रामकथा सांगणारे, किनाऱ्यावरची माणसं त्यांना मानणारी. त्यांनी कोळ्यांना सांगितलं, ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, हिला मारायचं कसं? तिचं नाव ठेवलं वहाली. लाडकी. किनाऱ्यावर पथनाट्यं झाली, त्यांत माहेरी आलेली गर्भार लेक होती. आणि खारवा समाजाच्या माणसांनी आपली जाळी कापली.

जाळी कापली, या दोन शब्दांत सगळं आहे. जाळ्यात एवढा मोठा मासा अडकला की तो जिवंत सुटायचा एकच उपाय, जाळं कापणं. मी ही गोष्ट श्रावणात कानबाईच्या रात्री सांगितली. आमच्या गल्लीत कानबाई ही खानदेशी देवी बसते, रोट होतात, सगळ्या बायका जागरणाला जमतात. मला वाटलं होतं की लेकीचा उल्लेख ऐकून त्यांचे डोळे भरतील. तसे भरलेही. पण पहिला प्रश्न आला तो हा, की जाळं केवढ्याला येतं? तिथे बसलेल्या निम्म्याअधिक बायका एका साडीमागे ठरलेल्या पैशांवर धागे कापणाऱ्या, टिक्या लावणाऱ्या. विणलेली वस्तू कापली की कुणाचं किती नुकसान होतं हे त्यांना शिकवावं लागत नाही. मी सांगितलं की सरकारने जाळ्याची भरपाई द्यायचं ठरवलं, पण ती पुढची गोष्ट. पहिल्यांदा सुरी चालवताना त्या माणसाच्या हातात भरपाई नव्हती. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मंग त्यासनी पूजा करी म्हणायचं."

म्हातारीच्या त्या बोलण्याने मला माझ्या प्रश्नाची अर्धी बाजू कळली. जिवापर्यंत पूजा पोचते ती आपण काही सोडलं त्याच्या वाटेने. मूर्तीसुद्धा आपल्याकडून रोज काही घेते: पहाटेची झोप, पाणी, फूल, वेळ. विसर्जनाच्या दिवशी तर ती स्वतःलाच आपल्या हातून सोडवून घेते. जे रूप आपल्याकडून काहीच घेत नाही ते आपलं होतं, आपण त्याचे होत नाही. प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणं हात लावायलाही मागत नाही. उलट हात लावू नका, किंमत उतरेल, असं सांगतं.

दुसरी अर्धी बाजू ह्यांच्याकडून आली, तीही अनपेक्षित ठिकाणाहून. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. मी तो शाळेत शिकवत असे, कारण त्यात आमची तापी आहे. तापी, दमण, पारदा अशा नद्यांवर त्याने लोकांना पार नेणाऱ्या फुकट होड्या ठेवल्या. त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात आहे की त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत मागायचं नाही. पहिल्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वर्षाचे २४० बरोबर येतात, मुलांकडून मी हा गुणाकार करून घेत असे. मी ही गोष्ट पुन्हा सांगितली तेव्हा हे म्हणाले, "विणकराकडेच ठेवलं ना त्याने? मग मीही विणकर आहे. मुद्दल डब्यात राहू दे, व्याज द्यायला लागू."

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. नवं नाणं घ्यायचं तर तेवढीच रक्कम किनाऱ्यावर घरटी राखणाऱ्यांसाठी बाजूला काढायची. रक्कम जमली नाही तर नाणं नाही. यामुळे खरेदी फार कमी झाली, आणि डब्यात आहे त्याकडे हे आता जास्त वेळ बघतात. दिलेलं नाणं पुढे कुठे पोचतं, यावरून मला नाशिक आठवतं. तिथे गोदाघाटावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून लोकांनी नदीला वाहिलेली नाणी काढतात. नाणी स्टीलची झाल्यापासून ही युक्ती चालते. लोक त्यांना हुसकतात. मला ती पोरं नदीची खजिनदार वाटतात. तांब्याने पाणी शुद्ध होत असे म्हणून पूर्वज नाणी टाकत, हे स्पष्टीकरण मला पटत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. नदीला दिलेलं नाणं भुकेल्या पोराच्या हातात गेलं, यापरतं शुद्ध काय असायचं?

वहिनींना मी उत्तर दिलं ते असं. देवघरात ठेवू नका म्हणणार नाही, पण तिथे ठेवलं तर त्याचं करावं लागेल, आणि त्याचं करणं म्हणजे तांब्याभर पाण्याने आंघोळ घालणं नाही, समुद्राशी काही देणंघेणं ठेवणं. त्या म्हणाल्या, मग राहू द्या डब्यात. त्यांच्या या उत्तराने मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. करता येणार नाही तो देव घरात आणायचा नाही, हे आमच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

ह्यांचं मात्र समाधान झालेलं नाही. परवा त्यांनी विचारलं, आणि हे कासव खरंच संपलं तर? मी म्हटलं, मग तो वीराचा टाक होईल. त्यांना वाटलं मी सांत्वन करते आहे. तसं नव्हतं. वीराचा टाक शेजारी करत नाहीत, ज्या घरात तो अवेळी गेला त्या घराला करावा लागतो. पुढच्या पिढ्यांनाही तो टाळता येत नाही, घरात दुखणं आलं, पोर नांदेना झालं की आधी विचारतात, वीराचं काही राहिलंय का. हॉक्सबिलच्या खवल्यांच्या फण्या कुणाच्या केसांत होत्या, त्याच्या पोटात सापडणारं प्लास्टिक कुणाच्या स्वयंपाकघरातून गेलं, डिंडोलीच्या नाल्यातून पुढे खाडीत आणि समुद्रात काय काय जातं, हे पाहिलं की ते घर कुणाचं हे शोधायला लांब जावं लागत नाही. समुद्री कासवं या पृथ्वीवर दहा कोटी वर्षांहून जास्त काळ आहेत. इतक्या जुन्या कुळातला जीव आपल्या पिढीच्या घरात जाणार असेल तर त्याचा टाक आपल्याच देवघरात येईल, आणि त्याचं मागणं आपल्याला फेडता येणारं नसेल. तसा टाक मला या घरात नको आहे. म्हणून व्याज वेळेवर जायला हवं, एवढंच मी ह्यांना सांगितलं आणि या महिन्याची पावती आली का ते विचारलं.